समुद्रावरचा वारा मोजतं कोण?

जून २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळ अरबी समुद्रात रेंगाळत होतं, तेव्हा इथे बडोद्यात घराघरांत एकच विषय होता: इकडे येणार की वळणार? ६ जूनला चक्रीवादळाचं रूप घेतलेलं ते वादळ दिशा बदलत बदलत शेवटी १५ जूनच्या संध्याकाळी कच्छमधल्या जखाऊ बंदराजवळ किनाऱ्यावर चढलं. त्या सगळ्या दिवसांत टीव्हीवर वाऱ्याचे आकडे सतत येत होते, मध्याजवळ ताशी इतके किलोमीटर, झोत इतक्याचे. दांडिया बाजारात राहणारी माझी आत्या ते ऐकून म्हणाली, "अरे, पण भर समुद्रात ते मोजायला गेलंय कोण?"

फार मुद्द्याचा प्रश्न आहे हा. कारण खरं उत्तर असं, की बहुतेक वेळा तिथे कुणीच गेलेलं नसतं. अटलांटिकमध्ये अमेरिकेची खास विमानं वादळाच्या आत शिरतात, वरून उपकरणं सोडतात आणि वारा प्रत्यक्ष मोजून आणतात. अरबी समुद्रात किंवा बंगालच्या उपसागरात अशी नेमाची उड्डाणं होत नाहीत. नांगरून ठेवलेले तरंगते बोये आहेत, चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था ते सांभाळते, पण ते मोजके आहेत आणि वादळाने नेमकं त्यांच्यावरूनच जायला हवं. जहाजं इशारा मिळताच लांब निघून जातात, आणि त्यांनी जायलाच हवं. मग उरतात उपग्रह. ढगांच्या चित्रात वादळाचं वेटोळं किती घट्ट झालंय, डोळा किती स्पष्ट आहे, माथ्यावरचे ढग किती थंड आहेत, यावरून वादळाचा जोर ठरवण्याची पद्धत १९७०च्या दशकात व्हर्नन ड्वोरॅक यांनी बसवली आणि आपलं हवामान खातं आजही ती वापरतं. मात्र हा ढगांच्या रूपावरून बांधलेला अंदाज झाला. पाण्याला लागून जो वारा वाहतो, जो लाटा उठवतो आणि बोटी उलटवतो, तो त्यात मोजलेला नसतो.

तो वारा मोजण्याची एक पद्धत गेल्या तीसेक वर्षांत उभी राहिली आहे, आणि तिच्याबद्दल मराठीत फारसं कुणी बोलत नाही म्हणून हे लिहितोय. त्यात उपग्रह स्वतः खाली काहीच सोडत नाही. आपल्या मोबाइलला रस्ता दाखवणारा जीपीएसचा सिग्नल समुद्रावर आपटून वर परततो, तो झेलायचा आणि त्यावरून वाऱ्याचा वेग काढायचा, एवढंच तो करतो.

आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ. अवकाशातून खाली पाहताना वारा दिसत नाही, दिसतं ते पाणी. वारा पाण्यावरून घासत जातो, आपली थोडी ऊर्जा पाण्याला देतो आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. समुद्रावरचा वारा मोजणारा उपग्रह खरं तर हा खरबरीतपणा मोजतो आणि त्यावरून पाण्यापासून दहा मीटर उंचीवर वारा किती असेल ते ठरवतो. या पद्धतीची ताकद आणि तिच्या सगळ्या अडचणी या एका गोष्टीतून निघतात, म्हणून ती शेवटपर्यंत लक्षात ठेवा.

या विषयात आपल्या शेजारच्या अहमदाबादचं काम मोठं आहे. तिथल्या इस्रोच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरमध्ये स्कॅटरोमीटर हे उपकरण विकसित झालं. २३ सप्टेंबर २००९ला ओशनसॅट-२ वर, २०१६ मध्ये स्कॅटसॅट-१ वर आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ओशनसॅट-३ वर ते अवकाशात गेलं. स्कॅटरोमीटर स्वतः रेडिओलहरी तिरप्या खाली सोडतो. पाणी सपाट असेल तर तिरपी आलेली लहर पुढच्या पुढे निघून जाते, उपग्रहाकडे काही परतत नाही. वाऱ्याने पाण्यावर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांबीच्या बारीक लहरी उठवल्या की त्यातली थोडी ऊर्जा मागे फिरते. वारा जास्त तर परतणारी ऊर्जा जास्त. एकाच जागेकडे वेगवेगळ्या बाजूंनी पाहता येत असल्यामुळे वाऱ्याची दिशाही कळते, आणि हे या उपकरणाचं मोठंच बळ आहे.

अडतं दोन ठिकाणी. आपल्या स्कॅटरोमीटरची वारंवारिता साडेतेरा गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे तरंगलांबी जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर. इतक्या आखूड लहरींना मुसळधार पावसाचे थेंब शोषतात आणि विखुरतात. चक्रीवादळात तर डोळ्याभोवतीच्या ढगांच्या भिंतीत, जिथे वारा सर्वात जास्त, तिथेच पाऊसही सर्वात जास्त. म्हणजे जी जागा मोजायची, नेमकी तिथेच नजर गढूळ होते. दुसरी अडचण फेऱ्यांची. ध्रुवांवरून फिरणारा एकटा उपग्रह एखाद्या जागेवर दिवसातून एक-दोनदा येतो. वादळ मात्र काही तासांत दुप्पट जोराचं होऊ शकतं. मे २०२१ मधलं ताउते आठवत असेल. ते असंच झपाट्याने वाढत मुंबईच्या बाजूने वर सरकलं, समुद्रात कामगारांनी भरलेला एक बार्ज बुडाला, कितीतरी माणसं गेली, आणि १७ मेच्या रात्री ते दीव-उना भागात किनाऱ्यावर आदळलं. त्याचा वारा-पाऊस बडोद्यापर्यंत आला होता. अशा वेळी सहा तासांपूर्वीचं मोजमाप जुनं झालेलं असतं.

आता जीपीएसकडे वळू. जीपीएसचे तीसेक उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीकडे सतत सिग्नल पाठवत असतात. त्यातल्या मुख्य सिग्नलची वारंवारिता १५७५.४२ मेगाहर्ट्झ आणि तरंगलांबी १९ सेंटिमीटर. मिलिमीटरभर जाडीचे थेंब या लहरीच्या वाटेत जवळजवळ नसल्यासारखेच. कितीही पाऊस कोसळत असो, सिग्नल खाली पाण्यापर्यंत पोचतो आणि पाण्यावरून वर परततोही. हे परतणं जीपीएस सुरू झाल्यापासून अखंड चालू आहे, फक्त तो परतलेला सिग्नल कुणाच्या कामाचा नव्हता. उलट तो त्रासच समजला जायचा. रावपुऱ्यासारख्या दाट भागात मोबाइलवरचा निळा ठिपका मध्येच पलीकडच्या गल्लीत उडी मारतो, त्यामागे बऱ्याचदा इमारतींवर आपटून आलेले सिग्नल असतात. अभियंत्यांनी वर्षानुवर्षं मेहनत घेतली ती हे परावर्तित सिग्नल गाळून टाकायला.

१९९३ मध्ये युरोपीय अवकाश संस्थेतल्या मॅन्युएल मार्टिन-नेरा यांनी उलटा विचार मांडला: हा परतलेला सिग्नल मुद्दाम पकडावा आणि त्यावरून समुद्राची उंची काढावी. वाऱ्याचा मुद्दा त्यानंतर आला. १९९८ मध्ये जेम्स गॅरिसन, स्टीफन कॅट्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विमानातून घेतलेल्या नोंदींवरून दाखवलं की समुद्र जितका खवळलेला, तितका परतलेल्या सिग्नलचा आकार बदलतो. २००० साली व्हॅलेरी झाव्होरोत्नी आणि अलेक्झांडर व्होरोनोविच यांनी त्यामागचं गणित मांडलं, आजही या क्षेत्रातलं काम त्याच पायावर चालतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मायकेल नावाच्या अटलांटिक वादळात शिरणाऱ्या विमानातून वादळाच्या पोटातले परावर्तित सिग्नल पहिल्यांदा नोंदले गेले. मग २००३ मध्ये सोडलेल्या यूके-डीएमसी या छोट्या ब्रिटिश उपग्रहाने हे सिग्नल थेट कक्षेतूनही पकडता येतात हे दाखवून दिलं.

परतलेल्या सिग्नलमधून वारा कसा कळतो, ते पाहायला रात्री बडोद्यातल्या सूरसागर तलावाच्या काठावर उभं राहायचं. हवा पडलेली असेल तर पलीकडच्या काठावरच्या दिव्याचं प्रतिबिंब पाण्यात एका ठिकाणी, लहान आणि झगझगीत दिसतं. झुळूक आली की तेच प्रतिबिंब लांबत जातं, त्याचा आपल्या दिशेने येणारा तुटक-तुटक पट्टा होतो, आणि आधी जिथे झगझगीत ठिपका होता तिथला उजेड मंदावतो. पाण्यावर आता शेकडो छोटे उतार तयार झालेले असतात. त्यातला जो उतार नेमक्या कोनात झुकलेला असेल, तो आपल्या जागेवरून दिव्याचा उजेड आपल्या डोळ्यांकडे पाठवतो. वारा वाढला की तीव्र उतार वाढतात, त्यामुळे लांबलांबच्या जागाही चमकायला लागतात. एकूण उजेड तेवढाच, तो जास्त जागेवर वाटला जातो.

समुद्रावर दिव्याच्या जागी जीपीएसचा उपग्रह आणि डोळ्याच्या जागी पाचशेएक किलोमीटर उंचीवर फिरणारा छोटा उपग्रह. शांत समुद्रात परतलेली बहुतेक ऊर्जा एका मध्यबिंदूच्या आसपासच्या छोट्या भागातून येते. वारा सुटला की चमकणारा प्रदेश कित्येक किलोमीटर पसरतो, खवळलेल्या समुद्रात शंभर किलोमीटरच्याही पुढे जातो, आणि मधली चमक कमी होते. म्हणजे इथे हिशेब स्कॅटरोमीटरच्या नेमका उलटा आहे: वारा वाढला की मधून येणारा सिग्नल घटतो. हा उलटेपणा पहिल्यांदा वाचताना भल्याभल्यांना अडखळायला होतं. फरक पाहण्याच्या कोनाचा आहे. स्कॅटरोमीटर पाठवलेली लहर उलट दिशेने माघारी किती आली ते पाहतो. हा छोटा उपग्रह आरशाच्या नियमाने जिकडे जायला हवी होती तिकडे किती आली, ते पाहतो.

उतारांचं हे गणित जीपीएसच्या खूप आधीचं आहे आणि ते सूर्यावरून सुरू झालं. १९५१ मध्ये चार्ल्स कॉक्स आणि वॉल्टर मंक यांनी हवाई बेटांजवळ विमानातून समुद्रावरच्या सूर्याच्या चमकेचे फोटो घेतले. चमकेचा पट्टा किती रुंद पसरलाय ते फोटोवरून मोजायचं आणि त्याच वेळी खाली जहाजावरून वारा मोजायचा. १९५४ मध्ये त्यांनी दाखवलं की उतारांचा विखुरलेपणा वाऱ्याच्या वेगाबरोबर जवळजवळ सरळ रेषेत वाढतो. त्यांनी आणखी एक प्रयोग केला. इंजिनातलं वापरलेलं तेल, डिझेल आणि माशाचं तेल यांचं मिश्रण समुद्रावर पसरून मुद्दाम तवंग तयार केला आणि त्यावरचे फोटो घेतले. तवंगाखाली बारीक लहरी दबल्या आणि त्याच वाऱ्यात उतार खूपच कमी झाले. आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही आणि देऊही नये, पण त्यातून कळलेली गोष्ट महत्त्वाची होती: उतारांच्या बेरजेत बारीक लहरींचा मोठा हिस्सा असतो. ज्याची तरंगलांबी जशी, त्याला त्या बेरजेतला तेवढाच भाग जाणवतो. १९ सेंटिमीटरच्या जीपीएस लहरीला बोटभर लांबीच्या लहरी जाणवत नाहीत. ढोबळमानाने अर्ध्या मीटरपेक्षा लांब लाटांचे उतारच तिच्या हिशेबात येतात. पुढे जी भानगड सांगणार आहे तिचं मूळ इथे आहे.

पण हा सिग्नल पकडायचा कसा? पृथ्वीवर पोचेपर्यंत जीपीएसचा सिग्नल इतका क्षीण झालेला असतो की रिसीव्हरच्या आतल्या स्वतःच्या खरखरीखाली तो बुडालेला असतो. परावर्तित सिग्नल त्याहून क्षीण. तो सापडतो तो त्याच्यावर कोरलेल्या संकेतामुळे. प्रत्येक जीपीएस उपग्रहाचा स्वतःचा १०२३ खुणांचा एक क्रम आहे आणि तो दर मिलिसेकंदाला नव्याने सुरू होतो. हा क्रम जगजाहीर आहे. रिसीव्हर त्याची प्रत स्वतः तयार करतो आणि आलेल्या खरखरीवर ती थोडी थोडी पुढेमागे सरकवून जुळवून पाहतो. एका जागी जुळणी लागली की खरखरीतून सिग्नल वर येतो, आणि तो किती उशिरा आला हेही त्याच क्षणी कळतं. यातली एक खूण अवकाशात सुमारे २९३ मीटर लांबीची असते, त्यामुळे उशिराचं मोजमाप म्हणजे अंतराचंच मोजमाप.

मध्यबिंदूवरून आलेला सिग्नल सर्वात आधी पोचतो, कारण परावर्तनाचा तो सर्वात जवळचा रस्ता. आजूबाजूच्या उतारांवरून आलेले तुकडे लांबचा रस्ता घेतात आणि मागाहून येतात. शांत समुद्रात जुळणीचा आलेख टोकदार येतो. वाऱ्यात टोक खाली बसतं आणि मागे लांब शेपूट येतं. शिवाय उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर धावत असतो, त्यामुळे समोरच्या आणि मागच्या जागांवरून येणाऱ्या सिग्नलची वारंवारिता किंचित वेगळी येते, डॉप्लरचा हा परिणाम शाळेत सगळ्यांनीच वाचलेला असतो. उशीर आणि वारंवारितेतला फरक, या दोन बाजूंवर मांडलेला एक छोटा नकाशा तयार होतो आणि त्यात घोड्याच्या नालेच्या आकाराची चमक दिसते. त्या नकाशातून मुख्यतः दोन गोष्टी घेतात: नालेच्या माथ्याशी चमक किती, आणि टोकाची पुढची कड किती उभी चढते. अंतर, कोन, अँटेना यांचे हिशेब वजा केले की जे उरतं ते पाण्याच्या खरबरीतपणाचं मोजमाप. त्याच्याशेजारी त्याच वेळचा, त्याच जागेचा वारा इतर साधनांनी काढलेला, असे लाखो जोड लावून तक्ता बनवलेला असतो. त्या तक्त्यातून वाऱ्याचा वेग वाचायचा.

हे काम प्रत्यक्षात मोठ्या प्रमाणावर केलं ते सिग्नस या नासाच्या मोहिमेने. मिशिगन विद्यापीठाच्या ख्रिस रुफ यांच्या नेतृत्वाखाली आठ छोटे उपग्रह बनवले गेले, प्रत्येकाचं वजन अवघं २९ किलोच्या आसपास. १५ डिसेंबर २०१६ला फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ विमानाच्या पोटाखालून सुटलेल्या पेगासस रॉकेटने आठही एकदम कक्षेत नेले. इतके छोटे ते का होऊ शकले? रडार उपग्रहाचं बरंचसं वजन आणि वीज जाते ती सिग्नल पाठवण्यात. इथे पाठवायचं काम जीपीएस आधीच फुकटात करतंय. उरली खाली पाहणारी अँटेना, वर पाहणारी अँटेना आणि रिसीव्हर. (परावर्तनात लहरीची फिरण्याची दिशा उजवीची डावी होते, म्हणून खालची अँटेना डाव्या फिरकीची असते.) प्रत्येक उपग्रह एका वेळी चार परावर्तनं पकडतो, म्हणजे आठ मिळून ३२. सुरुवातीला दर सेकंदाला एक नोंद होती, २०१९ पासून अर्ध्या सेकंदाला एक. परावर्तनाचा बिंदू समुद्रावर सेकंदाला सहाएक किलोमीटर सरकत असल्यामुळे त्या अर्ध्या सेकंदाने चित्र अधिक रेखीव झालं.

या आठांची कक्षा विषुववृत्ताशी ३५ अंशांनी कललेली आहे, त्यामुळे त्यांची सगळी नजर उत्तर आणि दक्षिण ३८ अंशांच्या मधल्या पट्ट्यावर राहते. चक्रीवादळं जन्मतात ती याच पट्ट्यात. बडोदं २२ अंशांवर, मुंबई १९वर. अख्खा अरबी समुद्र या पट्ट्यात आरामात बसतो. एखाद्या जागेवर पुन्हा नजर पडायला सरासरी सातएक तास लागतात, पण निम्म्या वेळा ती तीन तासांच्या आतच पडते. माझ्या मते या मोहिमेची खरी कमाई हीच. एका नोंदीपुरतं पाहिलं तर चांगला स्कॅटरोमीटर अनेक बाबतींत सरस आहे. पण वादळाकडे पावसातून आणि वारंवार पाहणं, या दोन्ही गोष्टी एकत्र त्याला जमत नाहीत. २०२२ मध्ये आठातल्या एका उपग्रहाशी संपर्क तुटला. उरलेल्या सातांनी काम चालू ठेवलं, कारण एक गेला म्हणून सगळं बंद पडावं अशी ही रचनाच नाही.

आता अडचणींकडे येतो, आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण या पद्धतीवर किती विश्वास ठेवायचा ते इथे ठरतं.

पहिली म्हणजे, जोराच्या वाऱ्यात तिची धार बोथट होते. वारा सेकंदाला पाच मीटरवरून दहा मीटरवर गेला तर सिग्नलमध्ये मोठा फरक पडतो. तीसवरून चाळीसवर गेला तर फरक थोडासाच, कारण जाणवणारे उतार एका मर्यादेनंतर फारसे वाढतच नाहीत. आणि आपल्याला हवा असतो तो नेमका तीस-चाळीस मीटरचा वारा. म्हणून सिग्नसचं उद्दिष्टच असं ठेवलं होतं: सेकंदाला २० मीटरपर्यंत, म्हणजे ताशी ७२ किलोमीटरपर्यंत, चूक दोन मीटरच्या आत आणि त्यापुढे दहा टक्क्यांच्या आत. ते जोराच्या वाऱ्यात गाठण्यासाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं.

दुसरी, मघाशी म्हटलेली भानगड. जीपीएसला जाणवतात त्या लाटा वाढायला वेळ आणि मोकळं पाणी लागतं. एकाच दिशेने बराच वेळ वाहणाऱ्या वाऱ्यात त्या पूर्ण वाढतात. चक्रीवादळात वारा गोल फिरतो, वादळ स्वतः पुढे सरकतं, आणि लाटा तयार होईतो वाऱ्याची दिशा बदललेली असते. म्हणजे ताशी दीडशे किलोमीटरचा वारा आणि त्याखाली अजून अर्धवट वाढलेला समुद्र. साधा तक्ता वापरला तर अशा जागी वारा खूप कमी निघतो. म्हणून दोन वेगळे तक्ते करावे लागले, एक पूर्ण वाढलेल्या समुद्रासाठी आणि एक तरुण समुद्रासाठी. याच्या उलट प्रकार शांत दिवशी होतो. मॉन्सूनपूर्वी दक्षिण हिंदी महासागरातून आलेल्या लांब लाटा अरबी समुद्रात पोचतात. इथे वारा पडलेला असतो, पाणी मात्र हेलकावत असतं, आणि उपग्रहाला तिथे नसलेला वारा दिसतो.

तिसरी अडचण मला सगळ्यात शिकवण्याजोगी वाटते. दिवा आपला नाही, तो दुसऱ्याचा आहे. पाण्यावरून चमक कमी आली, तर समुद्र खवळलाय म्हणून, की दिवाच मंद झाला म्हणून? जीपीएसचे उपग्रह ठरवून सारखा सिग्नल पाठवतात असं धरलं गेलं होतं. पण सगळ्या उपग्रहांची ताकद सारखी नाही, आणि त्यातले काही उपग्रह जगाच्या ठराविक भागांवरून जाताना आपल्या सिग्नलची ताकद बदलतात, असं नोंदींतून पुढे आलं. वाऱ्याच्या आकड्यांत त्याने चुका शिरत होत्या. उपाय सिग्नसच्या उपग्रहाच्या पाठीवरच होता. वर पाहणाऱ्या अँटेनाचं मूळ काम उपग्रह कुठे आहे ते सांगणं. तिलाच थेट सिग्नलची ताकद काटेकोर मोजायला लावली आणि प्रत्येक परावर्तनाची तुलना त्याच क्षणाच्या थेट सिग्नलशी करायला सुरुवात झाली. आकडे लगेच सुधारले.

आणि दिशा मिळत नाही. वेग कळतो, वारा कुठून कुठे वाहतोय ते या पद्धतीने भरवशाने सांगता येत नाही. नोंदीची बारकाईही साधारण २५ किलोमीटरची, त्यामुळे लहानशा डोळ्याच्या वादळात डोळा आणि भिंत एकाच नोंदीत मिसळून जातात. स्कॅटरोमीटर आणि ही पद्धत एकमेकांच्या जोडीला हवीत ती यामुळे.

समुद्रासाठी बनवलेले हे उपग्रह जमिनीवरूनही जात होते आणि तिथले सिग्नल टाकून द्यायचं कारण नव्हतं. ओली माती कोरड्या मातीपेक्षा जास्त चमकते, साचलेलं पाणी त्याहून खूप जास्त, अगदी झाडीखालचं पाणीसुद्धा. त्यावरून मातीतला ओलावा आणि पुराचा पसारा काढण्याचं मोठं काम आता होतंय. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्यात शिरलं तेव्हा मला अनेकांनी विचारलं, यातून आपल्या सोसायटीपर्यंत पाणी येणार का ते कळेल का? नाही कळणार. मोठ्या खोऱ्यात पाणी किती पसरलंय यासाठी हे साधन आहे, गल्लीसाठी नाही.

त्या पुराच्या थोडे दिवस आधीच, १६ ऑगस्ट २०२४ला, इस्रोने एसएसएलव्ही या छोट्या रॉकेटच्या तिसऱ्या उड्डाणातून ईओएस-०८ हा उपग्रह ४७५ किलोमीटर उंचीवर सोडला. त्यावर परावर्तित दिशादर्शन सिग्नल पकडणारं आपलं उपकरण आहे, समुद्रावरचा वारा, मातीतला ओलावा, पूर आणि हिमालयातला बर्फ यांसाठी. कक्षेचा कल ३७.४ अंश, म्हणजे सिग्नसच्या जवळपास. हा प्रयोग म्हणून सोडलेला उपग्रह आहे आणि प्रयोग म्हणून तो योग्यच आहे. पण या पद्धतीचा सगळा फायदा संख्येत आहे. एका उपग्रहाने तंत्र सिद्ध होतं, वादळावर दर दोन-तीन तासांनी नजर ठेवता येत नाही. पाच-सहा छोट्या उपग्रहांचा ताफा आपण आपल्या दोन्ही समुद्रांसाठी सोडायला हवा, असं मला मनापासून वाटतं. स्वतः सिग्नल पाठवायचा नसल्याने तो आपल्या आवाक्यातही आहे. दिव्यांची तर आता कमतरताच नाही. जीपीएस, रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बेईदौ आणि आपलं नाविक मिळून शंभराहून जास्त उपग्रह सिग्नल पाठवत आहेत. २९ मे २०२३ला सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून नाविकही जीपीएसच्या त्या १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सिग्नल देऊ लागलंय. चीनने २०२१ मध्ये आपल्या हवामान उपग्रहावर असं उपकरण बसवलं, तैवानने २०२३ मध्ये ट्रायटन हा खास उपग्रह सोडला.

ज्यांना स्वतः हात घालून पाहायचंय, विशेषतः महाराजा सयाजीराव विद्यापीठात भौतिकशास्त्र किंवा भूगोल शिकणाऱ्यांना, त्यांच्यासाठी एक सांगतो. सिग्नसच्या २०१७ पासूनच्या नोंदी नासाच्या पीओ-डीएएसी या भांडारात खुल्या आहेत. नाव नोंदवलं की फायली उतरवता येतात, पैसे लागत नाहीत. फायली नेटसीडीएफ प्रकारच्या असतात, पायथॉनमध्ये सहज उघडतात. अरबी समुद्राचा चौकोन कापून घ्या, पण नकाशा रंगवायच्या आधी दोन गोष्टी तपासा. प्रत्येक नोंदीला दर्जाची खूण जोडलेली असते, खराब म्हणून खूण केलेल्या नोंदी आधी वगळा. आणि वाऱ्याचे दोन वेगळे रकाने दिसतील, एक पूर्ण वाढलेल्या समुद्राचा, दुसरा तरुण समुद्राचा. रोजच्या वाऱ्यासाठी पहिला घ्यायचा, वादळाच्या गाभ्यासाठी दुसरा. दोन्ही आकडे एकमेकांपासून जिथे फार फाकलेले दिसतील, ती जागा बारकाईने पाहा.